सातवा आकडा

तळघरात आरसा पडतो.
हवा उपसून काढलेल्या नळीत, वीतभरच,
पडतो, उचलला जातो, पुन्हा पडतो.
रात्रभर हेच.
माझी नोकरी एवढीच: पडण्याचा हिशेब ठेवणं.

बारा वर्षांनी आलेय ब्योर्कोबीच्या बेटावर.
फिनलंडचा हा कडेचा तुकडा,
समोर स्वीडन, मधे गुडघाभर वाटावा असा समुद्र.
चौकीची किल्ली तेव्हा रूनारने दिली होती,
या खेपेला त्याची नात घेऊन आली.
यॉर्डिस. वय नऊ. पुढचा एक दात गायब.

"पृथ्वी आपल्याला ओढते ना?"
ओढते.
"कशाने?"
मी थर्मासचं झाकण फिरवत राहते.
ते नीटसं कुणालाच ठाऊक नाही, बाई.
उत्तर तिला आवडलेलं दिसतं.
ती बूट काढून ऐसपैस बसते.

खिशातून चुंबक निघतो, मासे धरायचा गळ निघतो.
गळ टुणकन उडून चुंबकाला चिकटतो.
बघ, म्हणते मी, खालून अख्खी पृथ्वी ओढतेय,
वरून हा पेराएवढा तुकडा.
जिंकलं कोण?
"म्हणजे पृथ्वी लेचीपेची?"
ओढ लेचीपेची. पण चुंबकाला लाकूड नाही म्हणतं,
तांबं नाही म्हणतं.
हिला नाही म्हणणारं अजून कुणी भेटलेलं नाही.

"मग मी या फळीतून खाली का जात नाही?"
फळी नको म्हणते.
तुझ्या मोज्यातले इलेक्ट्रॉन, तिच्यातले इलेक्ट्रॉन,
एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत.
"भांडण?"
सोवळं म्हण हवं तर.
आणि त्याहून आत, अगदी गाभ्यात,
एकमेकांचं तोंड न बघणारे प्रोटॉन एका खोलीत कोंडलेले.
त्यांना धरून ठेवणारं बळ सगळ्यांत दांडगं,
पण उंबऱ्याबाहेर त्याला कुत्रं विचारत नाही.

"तीन झाली."
चौथं या भिंतीत आहे.
ग्रॅनाइटमधल्या पोटॅशियमचा एखादा अणू
गपचूप कॅल्शियम होऊन बसतो.
आज, नाहीतर अब्ज वर्षांनी. त्याला घाई नाही.
ती भिंतीला कान लावते. बराच वेळ.
"काही नाही येत ऐकू."
नाहीच येणार.

मग बूट घालता घालता खरा प्रश्न:
"ओढते, तर आमची जमीन वर का येते?"

येते हे खरं.
रूनारच्या बापाने होडीसाठी बांधलेली खोपी
आता बर्चच्या झाडीत उभी आहे, पाण्याकडे पाठ करून.
इतरांच्या पायाखालची जमीन सरकते,
यांची फुगते, वर्षाला आठ मिलिमीटर,
आणि नवा चिखल गावाच्या सामाईक नावावर चढतो.

इथे बर्फ बसला होता, सांगते मी.
तीन किलोमीटर जाड, हजारो वर्षं.
उठून गेला, त्यालाही दहा हजार वर्षं झाली.
जमीन अजून सावरतेय.

"आजोबांच्या खुर्चीची गादीपण."
काय?
"मार्चमध्ये त्यांना वासाला नेलं, आश्रमात.
खड्डा तसाच आहे. मी रोज बघते."
कुणी बसत नाही ना त्यात?
"मांजर. पण ती हलकी आहे."

यावर मला काही सुचत नाही.
मी पडद्याकडे बघते.
नऊ, मग दशांशचिन्ह, मग आकड्यांची रांग;
त्यातला सातवा बारा वर्षांत दोनने उतरलाय.
बेट एक मूठ उंच झालं,
पृथ्वीच्या मध्यापासून तेवढंच लांब गेलं.

"म्हणजे सगळे हलके झाले?"
झाले. तुझ्या वजनाच्या माणसामागे
साखरेचा एक दाणा.
"आजोबा माझ्या तिप्पट आहेत."
मग तीन.

ती माझ्या कॉफीची पुडी फाडते,
तळहातावर साखर ओतते, निवडते,
उरलेली चाटून टाकते.
"रविवारी दाखवते त्यांना."

पायऱ्यांवरून धाड धाड वर.
खिडकीच्या फटीतून मला दिसतं:
वारा समोरून, एक मूठ घट्ट मिटलेली,
सायकल एकाच हाताने.